दोन मात्रा आधी

लेहरा धरण्याचे काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटते, आणि खरे सांगायचे तर ते कंटाळवाणे आहेच. तबल्याचे एकलवादन चालू असताना पेटीवाल्याने सोळा मात्रांची एकच ओळ पाऊण तास, कधी तास-सव्वा तास, जशीच्या तशी वाजवत राहायची. तिच्यात हरकत घ्यायची नाही, लय हलू द्यायची नाही आणि श्रोत्याची नजर आपल्याकडे वळेल असे काहीही करायचे नाही. तबलावादक त्या ओळीच्या भरवशावर वाटेल तिथे भटकून येतो आणि परतल्यावर त्याला घर जिथल्या तिथे सापडले पाहिजे, एवढीच पेटीवाल्याकडून अपेक्षा असते. मी हे काम ३२ वर्षे केले, त्यातले जवळजवळ सगळे एकाच माणसासाठी आणि बहुतेक वेळा चंद्रकंस रागातल्या एकाच लेहऱ्यावर. तो माणूस २०२५च्या फेब्रुवारीत, वयाच्या ५४व्या वर्षी, एका सकाळी चहा पिता पिता गेला.

त्याचे नाव येथे लिहीत नाही. निमंत्रणपत्रिकांवर ते आयुष्यभर सर्वांत खाली, बारीक टायपात आणि पुष्कळदा चुकीचे छापले गेले. त्याबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही, आणि आता मी ते ठळक अक्षरांत छापले तर त्याला हसूच येईल. तसेही आम्ही एकमेकांना नावाने हाक मारत नव्हतो. तो मला 'पेटीवाले' म्हणायचा आणि मी त्याला 'तबलजी'. 'तबलजी' हा शब्द तबलावादकांना मुळीच आवडत नाही, त्यात जुन्या काळच्या हेटाळणीचा वास आहे, आणि दुसऱ्या कुणी तो वापरला तर हा माणूस चेहरा दगडासारखा करून बसत असे. मला मात्र त्याने ती मुभा दिली होती, कारण माझ्या वाद्याची हेटाळणी करण्याची मुभा त्याने स्वतःकडे कायमची घेतलेली होती. आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात हार्मोनियमला बंदी घातली होती, ही गोष्ट तो दर दोन-चार महिन्यांनी नव्याने समजल्यासारखी काढायचा. "एकतीस वर्षं दाराबाहेर उभं केलं होतं तुझ्या पेटीला," असे म्हणून तो माझ्या भात्याकडे अशा नजरेने पाहायचा की जणू काही तो गुन्हा भात्यानेच केला होता. मी म्हणायचो, "मग पुढच्या वेळी लेहऱ्याला सारंगीवाला शोध." त्यावर तो काही बोलत नसे, कारण आमच्या भागात सारंगीवाला शोधून सापडत नाही हे दोघांनाही ठाऊक होते.

आमची पहिली भेट १९९३ साली सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात झाली. नाट्यगीतांची स्पर्धा होती आणि संयोजकांनी साथीला आम्हा दोघांना वेगवेगळे बोलावले होते. मी तेव्हा बँकेत नुकताच लागलो होतो, वय २६. तो २२ वर्षांचा, मिरजेचा, अंगाने किडकिडीत आणि बरोबर दोन तबले. स्पर्धेची साथ म्हणजे साथीदाराच्या दृष्टीने वेठबिगारी असते. त्या दिवशी २३ स्पर्धक होते, प्रत्येकाचा सूर निराळा, तालीम शून्य, आणि दर सहा-सात मिनिटांनी नवा गळा. अकरावी की बारावी स्पर्धक म्हणून एक मुलगी आली आणि तिने आपला सूर पांढरी चार, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी, सांगितला. त्याने तबला पांढरी चारला लावला, मी मात्र मागच्या स्पर्धकाच्या नादात काळी तीनचा षड्ज धरला. पेटी आणि तबला यांच्यात अर्ध्या स्वराचे अंतर पडले की जे काही ऐकू येते ते ज्याने ऐकले आहे त्यालाच कळेल. मुलगी गोंधळली. परीक्षकांनी माना वर केल्या. आणि त्याच क्षणी या अनोळखी मुलाने हातोडी उचलली, परीक्षकांकडे पाहून मोठ्याने "माफ करा, तबला उतरलाय" असे म्हटले, आणि गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या चामडी वेणीवर, दोन-तीन पोकळ ठोके मारता मारता माझ्याकडे न बघता पुटपुटला, "पेटीवाले, पांढरी चार."

चहाच्या वेळी मी त्याला विचारले की त्याने माझी चूक स्वतःच्या अंगावर का घेतली. तो म्हणाला, "तबला उतरला हे कुणालाही पटतं. पेटी चुकली असं झालं असतं, तर पुढची बारा गाणी तुझा हात कापत राहिला असता, आणि त्याचा त्रास मलाच." हे तो अगदी व्यवहाराच्या सुरात म्हणाला. मी त्याला तेव्हा उदार समजलो. पुढे सवयीने कळले की हे औदार्य नव्हते, त्याची साथीची समजच तशी होती. एकाचा सूर गेला तर गाणे सर्वांचेच जाते, मग दोष कुणाच्या नावावर पडला याचा हिशेब कशाला ठेवायचा, असे त्याचे गणित होते.

मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर, त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत तबल्याचा क्लास चालत असे. मिरजेबाहेरच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की या गावात भोपळ्यापासून सतारी आणि तानपुरे घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेला तो लहानपणापासून जात असे, आधी वडिलांच्या खांद्यावर, मग सतरंजीवर आणि पुढे कधी कधी व्यासपीठावर. खाँसाहेबांच्या मृत्यूची कथा मिरजेत प्रत्येक संगीतप्रेमी मुलाला ऐकवली जाते: २७ ऑक्टोबर १९३७, दक्षिणेतला प्रवास, गाडीत अस्वस्थ वाटू लागल्यामुळे सिंगपेरुमाल कोइल या लहानशा स्टेशनवर उतरणे, प्लॅटफॉर्मवरच अंथरूण घालायला लावणे, तानपुरा जुळवायला सांगून दरबारी रागाच्या सुरांत ईश्वराची आळवणी आणि मग शांतपणे डोळे मिटणे. तोही ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना सांगायचा, फक्त शेवटी त्याचा एक ठरलेला प्रश्न असायचा. "तानपुरा कुणी जुळवला? मालक चाललेत हे दिसत असताना ज्याने खुंट्या पिळल्या, त्याचं नाव सांगणारा मला अजून भेटला नाही." मुलांना हा प्रश्न विनोदी वाटायचा. मला तो कधीच तसा वाटला नाही.

आता खांद्याविषयी लिहिले पाहिजे, कारण हे सगळे लिहायला बसलो ते त्याच्याचसाठी.

एकलवादनात मी त्याच्या डाव्या हाताला, किंचित पुढे बसत असे. पेशकाराची संथ सुरुवात संपली, कायदे झाले, रेला झाला, असे एकलवादनाचे आधीचे टप्पे उरकले, की पुढे गती आणि चक्रदार या बांधीव रचनांचा भाग येतो, आणि तिथे तिहाई घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येताना पेटीवाल्याची खरी परीक्षा असते. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा. तो तीनदा वाजताना मधे थोडा श्वास घेतला तर ती दमदार, न घेता सलग वाजवली तर बेदम. त्याला दमदार तिहाई प्रिय होती. मधल्या थांब्यात तो हात खरोखर पूर्ण थांबवायचा, इतका की नवख्या लेहरेवाल्याला वाटावे हा विसरला, आणि तो घाबरून आपली ओळ ढकलायला लागावा. मला त्याचे कधी भय वाटले नाही, कारण मला एक खूण सापडली होती. तिहाईचा शेवटचा 'धा' समेवर पडण्याच्या बरोबर दोन मात्रा आधी त्याचा डावा खांदा एखाद्या इंचाने वर उचलला जायचा. डग्ग्यावरच्या, म्हणजे डाव्या, हाताला बळ मिळावे म्हणून असेल किंवा कुणा गुरूची लकब उतरली असेल. त्याला स्वतःला ते ठाऊक नव्हते आणि मी त्याला कधी सांगितले नाही, कारण सांगितले असते तर तो ते जाणीवपूर्वक करू लागला असता आणि माझी खूण बिघडली असती. मी बोटांकडे कधीच पाहिले नाही. बोटे फसवतात. मी ३२ वर्षे तो खांदा पाहिला.

याशिवायही बरेच काही मला ठाऊक होते. गायक लांबण लावू लागला की तो मान उजवीकडे कलती करायचा. त्याला ठेका भरायचे पडलेले असे, हातचलाखी दाखवायची हौस नव्हती, आणि एखाद्या गायिकेने लय ओढली की तो तिला न दुखावता, 'धिं' किंचित दाबून, दोन आवर्तनांत ती जागेवर आणायचा. तबलावादक अहमदजान थिरकवा खाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत साथीला होते याचा त्याला अभिमान होता, जणू काही तो कराराच्या वेळी हजर होता; नाट्यपदाला साधा ठेका देणे ज्याला कमीपणाचे वाटते त्याने थिरकवांचे नाव घेऊ नये, असे तो म्हणायचा. आमचे एकच खरे भांडण होते आणि ते शेवटपर्यंत मिटले नाही. तबल्याच्या तोंडावरची नवी चामडी पुडी वाजता वाजता उतरते, म्हणून तो तबला सुरुवातीला सुरापेक्षा केसभर चढा ठेवायचा. त्यामुळे पहिली दहा मिनिटे माझी पेटी उतरी वाटायची. मी बोललो की तो म्हणायचा, "दहा मिनिटं धीर धर, मी तुझ्याकडेच येतोय."

१५ डिसेंबर २०२४ च्या रविवारी रात्री झाकीर हुसेन गेल्याची बातमी आली, मग ती खोटी असल्याची बातमी आली, आणि आम्ही दोघे फोनवर होतो. त्याच्या आवाजात इतका आनंद मी क्वचित ऐकला आहे. "अरे, जिवंत माणसाच्या मरणाची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि मग झाकीरभाईंच्या कुठल्या तरी जुन्या ध्वनिमुद्रणातला एक कायदा तोंडाने म्हणू लागला. सकाळी बातमी खरी ठरली. त्या संध्याकाळी त्याने क्लास बंद ठेवला नाही. मुलांना बसवले आणि तासभर फक्त तीनतालाचा ठेका वाजवून घेतला, धा धिं धिं धा, दुसरे काही नाही. एका मुलाने मधेच तुकडा घेतला तर त्याच्या हातावर हलकेच हात ठेवला. हे मला त्याच्या एका विद्यार्थ्याने नंतर सांगितले.

त्यानंतर दोन महिन्यांनी, बुधवारी रात्री, आम्ही इचलकरंजीहून एका खासगी मैफलीची साथ करून परतत होतो. रात्रीचा एक वाजून गेला होता. मागच्या सीटवर माझी पेटी आणि त्याचे तबले, पुढे मी गाडी चालवतो आहे, आणि तो उजव्या हाताने डावा खांदा चोळत बसला आहे. "खांदा भरलाय," तो म्हणाला. मी म्हणालो, "तीन तास डग्गा घुमवल्यावर भरणारच. वय झालं तुझं, तबलजी." तो हसला. अंकली ओलांडल्यावर त्याने काच खाली केली आणि थोडा वेळ बाहेर तोंड करून वारा घेतला. त्याला घरी सोडले, तबले आत नेऊन ठेवले, आणि मी सांगलीला आलो.

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी त्याच्या विद्यार्थ्याचा फोन आला. मी पहिले वाक्य उच्चारले ते "कोण म्हणतं? आवई असेल" हे. तो पोर रडत होता आणि मी त्याला अफवा कशा पसरतात ते समजावत होतो.

डॉक्टरांना मी नंतर खांद्याविषयी विचारले. त्यांनी सावधपणे उत्तर दिले, की ते हृदयाचे दुखणे असू शकते, स्नायूचेही असू शकते, आणि आता त्यावर विचार करून उपयोग नाही. त्यांचे बरोबर आहे. पण जो खांदा मी ३२ वर्षे इंचाइंचाने वाचला, ज्याच्या उचलण्यावरून मला पुढच्या दोन मात्रा कळत होत्या, तो खांदा शेवटच्या रात्री माझ्यापासून हातभर अंतरावर होता, त्याने मला शब्दांतही सांगितले, आणि मी त्यावर थट्टा केली. हे मला कुणाच्या समजुतीने ओलांडता आलेले नाही आणि तसा प्रयत्नही मी सोडून दिला आहे.

तेराव्यानंतर त्याच्यासाठी सभा झाली. सभागृह भरले होते, त्याचे मला मनापासून बरे वाटले. मात्र भाषणे ऐकवेनात. एक वक्ता म्हणाला की स्वर्गातल्या मैफलीला तबलजी हवा होता. दुसऱ्याने त्याने आयुष्याची तिहाई घेऊन सम गाठली असे सांगितले, आणि टाळ्याही पडल्या. संगीतकार मेला की सगळ्यांना ताल-सुरांच्या उपमा सुचतात, हा एक मोठा उपद्रव आहे. तो कुठल्याही समेवर गेला नाही. त्याचा चहा अर्धा उरला होता, क्लासच्या फळ्यावर आदल्या दिवशीच्या झपतालाच्या दहा मात्रा लिहिलेल्या होत्या, विशारदच्या परीक्षेला बसलेल्या दोन मुली साडेआठला यायच्या होत्या. आवर्तनाच्या मधल्या कुठल्या तरी बिननावाच्या मात्रेवर, कसलीही तयारी नसताना, हात उचलला गेला. मला बोलायला सांगितले तेव्हा मी स्पर्धेतल्या पांढरी चारची गोष्ट सांगितली आणि खाली बसलो.

माझ्याकडे त्याच्या वादनाच्या काही कॅसेटी आणि फोनवर केलेली पुष्कळ ध्वनिमुद्रणे आहेत. उन्हाळ्यात ती ऐकायला घेतली. ३२ वर्षे माझी समजूत अशी होती की मी लय धरून बसतो आणि तो तिच्यावर खेळतो. ध्वनिमुद्रणांत निराळेच ऐकू आले. पेशकाराच्या विलंबित लयीत माझा लेहरा हळूहळू पळत होता, प्रत्येक कॅसेटमध्ये, प्रत्येक वर्षी. घड्याळ लावून पाहिले तेव्हा शंकाच उरली नाही. आणि दर पाच-सहा आवर्तनांनी तो आपला बोल सोडून दोन आवर्तने साधा ठेका वाजवायचा, 'धिं' किंचित दाबून, आणि माझी ओळ निमूटपणे मागे यायची. मला तेव्हा वाटायचे तो विसावा घेतो आहे. गायिकांसाठी तो जे करायचा ते माझ्यासाठीही करत होता, आणि त्याने ते मला कळू दिले नव्हते, जसे मी त्याला खांद्याचे कळू दिले नव्हते.

सध्या मी एका तरुण मुलाबरोबर वाजवतो. तयारी उत्तम आहे, कदाचित त्या वयातल्या माझ्या तबलजीपेक्षा अधिक आहे. त्याचे खांदे मुळीच हलत नाहीत. मी समेच्या जरा आधी अजून तिकडे पाहतो आणि मग बोटांकडे वळतो.

जाण्याच्या आठवडाभर आधी त्याने एकलवादनाचा तबला मढवायला टाकला होता, पुडीवरच्या काळ्या शाईला टवका गेला होता म्हणून. सभा झाल्यावर काही दिवसांनी तबला करणाऱ्या चाचांचा निरोप त्याच्या घरी गेला की पुडी तयार आहे. वहिनींनी मला फोन केला. "भाऊजी, तुम्हीच घेऊन या," त्या म्हणाल्या. "ते कुठल्या सुराचं विचारतील, मला काही सांगता येणार नाही."

दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, भिंतीवर चामड्याच्या वाद्या लटकलेल्या, कोपऱ्यात शाई घोटायचे काळे गुळगुळीत दगड. चाचांनी शिसवी खोड मांडीत घेतले, गट्टे सारखे केले आणि विचारले, "सूर?" मी काळी एक सांगितली. त्यांनी मोबाइलवर तानपुरा लावला आणि सोळाही घरे एकेक करून जुळवली: चाटेवर बोट, गजऱ्यावर वरून ठोका, पुन्हा बोट, तबला थोडा फिरवायचा, पुढचे घर. नव्या पुडीचा आवाज कोवळा आणि टणक असतो. पंधरा मिनिटांनी त्यांनी हातोडी खाली ठेवली. तबला आणि तानपुरा एकजीव झाले होते, कुठेही फट नव्हती.

"चाचा, थोडा चढा हवा," मी म्हणालो. "केसभर."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "पेटी उतरी वाटेल, साहेब."

"दहा मिनिटं वाटेल."

त्यांनी काही न बोलता हातोडी परत उचलली आणि सोळा घरे पुन्हा फिरून एकेक हलका ठोका दिला. तानपुऱ्याच्या वर एक बारीक कंप उमटला, तोच, ज्याच्यावरून मी इतकी वर्षे कुरकुर केली होती. "मास्तर असाच नेत," चाचा म्हणाले. पुडीचे पैसे त्याने आधीच देऊन ठेवले होते. वादीचे दोनशे रुपये तेवढे बाकी होते, ते मी दिले.